तळ्यातील गाळ पंपाने उपसताना या चुका टाळा

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ साली सुरू झाल्यापासून कोरड्या पडलेल्या पाझर तलावातून पोकलेनने गाळ काढणे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील गावांच्या चांगलेच अंगवळणी पडले आहे. मात्र जे तळे रिकामे करता येत नाही, तेथे तराफ्यावर बसवलेल्या सक्शन ड्रेजरने, म्हणजे पाण्यासह गाळ ओढून पाइपमधून काठावर टाकणाऱ्या पंपाने, गाळ उपसावा लागतो आणि पोकलेनचा अनुभव तेथे फारसा कामी येत नाही. काम अडले की दोष पंपाला दिला जातो. पुष्कळदा तो पाइपच्या एका टोकाशी सापडतो.

गाळ ओढणाऱ्या (सक्शन) आणि बाहेर टाकणाऱ्या (डिलिव्हरी) अशा दोन्ही बाजूंचे दाबमापक, म्हणजे गेज, न पाहता पंप खोलणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. सक्शनचा व्हॅक्यूम नेहमीपेक्षा चढला आणि डिलिव्हरीचे प्रेशर पडले, तर सक्शनचे तोंड चोक झाले आहे किंवा गाळात फार खोल रुतले आहे. ते हातभर वर उचलून काही वेळ नितळ पाणी ओढू द्यावे. व्हॅक्यूम उतरून प्रेशर चढले, तर अडथळा डिलिव्हरी लाइनमध्ये आहे. दोन्ही उतरले, तर बहुधा फ्लँजमधून (पाइपच्या जोडातून) किंवा ग्लँडमधून (पंपाच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून) हवा शिरते आहे, अथवा इम्पेलर (पंपातले फिरते पाते) झिजला आहे; यांपैकी जोडातले गॅसकेट आणि ग्लँड आधी तपासावेत, कारण त्यासाठी पंप उतरवावा लागत नाही. गाळात खडे नसतानाही पंपात खडे घोळल्यासारखा आवाज येत असेल, तर ती कॅव्हिटेशनची, म्हणजे सक्शनला दाब अपुरा पडून पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटण्याची, खूण समजावी.

येथे तळ्याच्या उंचीचाही प्रश्न येतो. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलतो. १,३०० मीटरहून उंच असलेल्या महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर तोच आकडा ८.८ मीटरच्या आसपास येतो. त्यामुळे सांगलीत विनातक्रार चाललेला पंप तेथे कुरकुरला, तर नवल नाही. अशा ठिकाणी सक्शन पाइप आखूड आणि रुंद ठेवून पंप पाण्याच्या पातळीलगत बसवावा.

दाट रबडी ओढण्याचा मोह आवरावा. मिश्रणात गाळाचे प्रमाण वजनाने साधारण दहा ते वीस टक्केच असावे. त्यापेक्षा दाट झाले की वेग मंदावतो आणि वेग सेकंदाला दोन मीटरच्या खाली गेला की वाळू पाइपच्या तळाशी बसू लागते. संध्याकाळी घाईने पंप बंद करणे त्याहून वाईट. पाचशे मीटरच्या लाइनमधले मिश्रण सेकंदाला अडीच मीटर वेगाने बाहेर पडायला तीन मिनिटांहून अधिक वेळ घेते, म्हणून निदान त्याच्या दुप्पट वेळ नितळ पाणी सोडल्याशिवाय थांबू नये.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते काठावरच्या निवळणी कुंडाकडे, म्हणजे उपसलेल्या मिश्रणातला गाळ जेथे खाली बसतो त्या खड्ड्याकडे. दीडशे मिलिमीटरचा पाइप याच अडीच मीटरच्या वेगाने ताशी सुमारे १६० घनमीटर मिश्रण टाकतो, म्हणजे एक मीटर खोलीचे तीन गुंठ्यांचे कुंड दोन तासांच्या आत काठोकाठ भरते. त्यातच काळ्या मातीचे बारीक कण निवळायला कित्येक दिवस घेतात. पुरेशी जागा न ठेवल्यास काढलेला गाळ कुंडाच्या सांडव्यावरून पुन्हा तळ्यातच येतो आणि डिझेल मात्र जळत राहते. कुंडाचे दोन-तीन कप्पे करावेत आणि पाणी आत येण्याच्या जागेपासून सांडवा सर्वांत दूर ठेवावा. तुरटी वापरायची असल्यास मात्रा आधी काचेच्या बरणीत ठरवावी, अंदाजाने पोती ओतू नयेत.

मिरजेच्या गणेश तलावासारख्या, विसर्जनाची परंपरा असलेल्या तळ्यात तारा, कापड आणि मूर्तींचे अवशेष इम्पेलरला वेढे घालतात. जलपर्णीची मुळेही तेच करतात. हा कचरा आधी गळ आणि जाळीने काढावा, नंतरच सक्शन उतरवावे.

बंधाऱ्याच्या पायथ्याशी मात्र सक्शन नेऊच नये, कारण तेथील आधार गेला की भराव घसरू शकतो. गाळाची जाडी सळई रोवून जागोजागी मोजावी आणि खालच्या मूळ चिकणमातीला हात लावू नये. तो थर फाटला की तळे झिरपू लागते. शहरी सांडपाणी मिसळणाऱ्या तळ्याचा गाळ जड धातूंची तपासणी झाल्याशिवाय शेतकऱ्यांना देऊ नये.