आलेख काढताना या चुका टाळा

प्रकल्पाच्या वहीत असो की पॉवरपॉइंटमध्ये, आलेख चुकतो तो बहुधा आकडेमोडीत नाही, निवडीत. आकडे बरोबर, रंग छान, आणि चित्र मात्र भलतंच सांगतं. खालची उदाहरणं महाराष्ट्राच्या जनगणनेतली आहेत. हवं तर स्वतः काढून पाहा.

स्तंभाचा पाय कापू नका

० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. याचा स्तंभालेख काढताना उभा अक्ष ८८० पासून सुरू केला, तर पहिला स्तंभ ६६ एककं उंच आणि शेवटचा १४. बघणाऱ्याला वाटेल, मुली पाव हिश्शाहून कमी उरल्या. खरी घट साडेपाच टक्क्यांची. शाळेत शिकवलेलं अक्षसंकोच चिन्ह, म्हणजे अक्ष मधेच तोडल्याची खूण, टाकलं की भागलं, असा समज आहे. भागत नाही. स्तंभ पाहताना डोळा उंची मोजतो. खालची ती नागमोडी खूण कुणी बघत नाही.

मग शून्यापासून काढावा? काढलात तर तिन्ही स्तंभ जवळपास सारखे दिसतात आणि चिंतेची गोष्टच दडते. इथे स्तंभ नकोतच, रेषालेख घ्या. रेषेत डोळा चढ-उतार वाचतो, त्यामुळे ८५० ते १००० असा अक्ष चालतो. फक्त अक्षावरचे आकडे ठळक हवेत. काही जण 'हजारामागे किती मुली कमी' असे ५४, ८७, १०६ चे स्तंभ काढतात. ते शून्यापासून सुरू होतात, दिसायला प्रामाणिक असतात. पण जन्मतःच हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली असतात, त्यामुळे १००० धरून मोजलं की १९९१ ची तूट उगाच फुगते. मी रेषालेखच काढेन आणि ९५० वर एक तुटक रेघ मारेन.

वृत्तालेखाआधी बेरीज करा

२०११ मध्ये राज्यातली पुरुष साक्षरता ८८.३८ टक्के, स्त्री साक्षरता ७५.८७. हे दोन आकडे एक्सेलला देऊन वृत्तालेख मागा. तो मुकाट्याने काढून देतो आणि टक्केवारी दाखवायला सांगितलीत तर ५४ आणि ४६ टक्के छापतो. या ५४ ला काहीही अर्थ नाही. दोन आकड्यांची बेरीज १६४ वर जाते, कारण ते एका पूर्णाचे भाग नाहीतच. प्रत्येकाचं शंभर वेगळं आहे. इथे दोन साधे स्तंभ पुरतात. शहरी-ग्रामीण फरकही दाखवायचा असेल तर जोडस्तंभालेख. आणि त्रिमितीय वृत्तालेख कशासाठीच नको. तिरक्या कोनामुळे पुढचा तुकडा मोठा दिसतो.

वयाचे वर्ग

ही चूक पुस्तकी सवयीतून येते. ०-४, ५-९, १०-१४ असे वर्ग दिसले की मधली फट बुजवून ते सलग करायला हात आपोआप ०.५ वजा-अधिक करून ४.५-९.५ लिहितो. उंची किंवा वजन जवळच्या पूर्णांकात मांडलं असेल तर ते बरोबर. वय मात्र आपण पूर्ण झालेल्या वर्षांत सांगतो. नऊ वर्षं अकरा महिन्यांचं मूलही नऊच वर्षांचं. म्हणून ५-९ चा सलग वर्ग ५-१०.

वर्ग असमान असतील तर आणखी जपून. ०-१४ ची रुंदी १५ वर्षं, १५-५९ ची ४५. आयतालेखात (एकमेकांना चिकटलेल्या आयतांचा आलेख, हिस्टोग्राम) क्षेत्रफळ बोलतं, उंची नाही. तेव्हा लोकसंख्येला वर्गाच्या रुंदीने भागा आणि मगच उंची ठरवा.

नकाशा रंगवताना एकूण लोकसंख्या घेऊ नका, घनता घ्या. गडचिरोलीचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, लोक सुमारे पावणेअकरा लाख. मुंबई शहर जिल्हा १५७ चौरस किलोमीटर, लोक जवळपास ३१ लाख. म्हणजे लोक जेमतेम तिप्पट, पण घनता अडीचशे पटीहून जास्त.

एक्सेल अडलं तर

आलेखात 'वर्ष' नावाची जादा मालिका उगवली, की एक्सेलने सालांनाच माहिती समजलं. 'सिलेक्ट डेटा'मध्ये जाऊन ती मालिका काढा आणि आडव्या अक्षाच्या नावांसाठी तक्त्यातला वर्षांचा रकाना निवडा.

एखादा स्तंभ उगवतच नाही? आकडा पीडीएफमधून चिकटवलेला असेल तर तो मजकूर म्हणून बसलेला असू शकतो. तसा आकडा सहसा चौकटीत डावीकडे सरकलेला दिसतो. पुन्हा टाइप करा.

१९५१, १९८१, २००१, २०११ अशी विषम अंतराची वर्षं साध्या रेषालेखात सारख्या अंतरावर बसतात आणि वाढीचा वेग खोटा दिसतो. तिथे स्कॅटर प्रकार निवडा, तो वर्षं खऱ्या अंतरावर मांडतो. २०२१ ची जनगणना ठरलेल्या वेळी झाली नाही, त्यामुळे त्या सालासाठी मिळतात ते अंदाज. ते दाखवायचे असतील तर २०११ नंतरची रेघ तुटक काढा आणि शेजारी 'अंदाज' असं लिहा.