छापील पान वाचता न येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी वाचनसाहित्य कसे तयार करावे

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे वर्गात येतात, आणि त्याच वर्गात बसलेल्या दृष्टिहीन मुलाला "तुझे पुस्तक येईल" असे सांगितले जाते. मी पाहिलेल्या अनेक मुलांना ते पुस्तक सहामाही परीक्षा तोंडावर आल्यावर मिळाले. कोल्हापूर आणि परिसरातील शिक्षक, ग्रंथपाल आणि पालक यांना हे साहित्य स्वतः वेळेत तयार करता यावे, यासाठी ही पद्धत लिहीत आहे. यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. एक संगणक, एक स्कॅनर किंवा बऱ्या कॅमेऱ्याचा मोबाइल आणि नेटाने मुद्रितशोधन करणारी दोन माणसे एवढ्यावर बहुतेक काम होते.

हे साहित्य फक्त अंध विद्यार्थ्यांसाठी असते, हा समज प्रथम दूर करावा. अल्पदृष्टी असलेला, डिस्लेक्सियामुळे अक्षरे ओळखताना अडखळणारा, किंवा सेरेब्रल पाल्सीमुळे पुस्तक हातात धरून पाने उलटू न शकणारा विद्यार्थी, या सर्वांपुढे छापील पानाची भिंत सारखीच उभी असते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार नोंदलेले असून विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांपैकी एक आहे. लक्षणीय अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके आणि इतर अध्ययनसाहित्य मोफत पुरवावे, असेही हा कायदा सांगतो. अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळण्यास वेळ लागतो, ते मिळवण्याची खटपट जरूर चालू ठेवावी, परंतु वर्गातील साहित्याचे काम त्यासाठी एक दिवसही थांबवू नये.

कामाची सुरुवात विद्यार्थ्याला विचारण्यापासून करावी. कोणत्याही धड्यातील एकच पान घ्यावे आणि ते चार रूपांत त्याच्यापुढे ठेवावे: मोठ्या अक्षरांत छापलेले, ब्रेलमध्ये उठवलेले, मोबाइलवर आवाजात ऐकू येणारे आणि कोणीतरी वाचून ध्वनिमुद्रित केलेले. अर्धा तास त्याच्याजवळ बसून तो काय निवडतो, कुठे थांबतो आणि काय पुन्हा ऐकतो, एवढेच पाहावे. अनेकदा एकाच विद्यार्थ्याला भाषेसाठी आवाज आणि गणितासाठी ब्रेल हवे असते. मोठ्या माणसांनी परस्पर ठरवून छापलेले ब्रेलचे खंड कपाटात पडून राहिलेले मी पाहिले आहेत, कारण ज्या मुलासाठी ते छापले त्याला ब्रेल शिकवलेलेच नव्हते.

दुसरे काम म्हणजे पुस्तक आधीच कोणी तयार केले आहे का, हे शोधणे. 'सुगम्य पुस्तकालय' ही ऑनलाइन लायब्ररी ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली असून अपंगत्वाचा पुरावा देऊन तिचे सदस्य होता येते. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात संकेतस्थळावर मिळतात. मात्र पीडीएफ मिळाली म्हणजे पुस्तक वाचनसुलभ झाले, असे मुळीच नाही, आणि सर्वाधिक फसगत इथेच होते.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात बी. ए.ला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला तिच्या विभागाने दिलेल्या नोट्स ऐकवल्या. पडद्यावर शुद्ध, सुबक मराठी दिसत होती. संगणकाचा आवाज मात्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची नावे एकामागून एक उच्चारत होता. ती म्हणाली, "मॅडम, ह्यात मराठी नाहीच." तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या आत तो इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे म्हणूनच साठवलेला असतो. राजारामपुरीतल्या डीटीपीच्या दुकानात टाइप करून घेतलेल्या प्रश्नपत्रिका आणि नोट्सही पुष्कळदा याच प्रकारच्या असतात.

म्हणून हाती आलेल्या प्रत्येक फाइलची एक मिनिटाची परीक्षा घ्यावी. एक परिच्छेद निवडून कॉपी करावा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करावा. काहीच निवडता आले नाही, तर ते पानाचे नुसते चित्र आहे. अगम्य चिन्हे उमटली, तर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे, आणि फॉन्ट परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकालाही देवनागरी म्हणूनच कळणाऱ्या स्वरूपात, आणावा लागेल. सरळ वाचता येणारी देवनागरी उमटली, तरच पुढे जावे.

चित्रस्वरूपातील पानांसाठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करून देणारे तंत्र, वापरावे. गूगल डॉक्सची सोय मराठी ओळखते, आणि टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअरही ओळखते. पुस्तकाची पाठ मोडेल इतके दाबले तरी चालेल, पण पान सपाट राहिले पाहिजे, कारण शिवणीकडे वळलेल्या ओळींतच सर्वाधिक चुका होतात. मुद्रितशोधनाला ओसीआरपेक्षा कितीतरी जास्त वेळ राखून ठेवावा. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य', तसेच आकड्यांतील '१' आणि '९' यांची गल्लत ठरलेली असते. मराठीपुरती एक चूक विशेष जपावी. सह्याद्रीच्या 'दऱ्या' ओसीआरमधून 'दर्या' होऊन बाहेर येतात, आणि ऐकणाऱ्या मुलाला डोंगरात समुद्र सापडतो. शुद्धलेखन तपासणी ही चूक दाखवणार नाही, कारण दोन्ही शब्द मराठीतच आहेत. तसेच 'दुःख' लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाइप केलेला असेल, तर वाचणारा आवाज शब्दाच्या मधोमध थांबतो. असे सर्व विसर्ग शोधून एकदम बदलावेत.

हा शुद्ध, युनिकोड मजकूर म्हणजे सगळ्या कामाचे भांडवल आहे. मोठ्या अक्षरांची प्रत, ब्रेल आणि आवाज ही सर्व रूपे याच एका फाइलमधून निघतात, म्हणून तिची मूळ प्रत नीट जपून ठेवावी आणि दुरुस्ती सापडली की प्रथम तिच्यात करावी. वर्डमध्ये धड्याचे नाव नुसते ठळक व मोठे न करता त्याला 'हेडिंग १' ही शैली द्यावी आणि उपशीर्षकाला 'हेडिंग २'. डोळस वाचक पाने चाळून धडा काढतो, त्याच सहजतेने एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा मोफत स्क्रीनरीडर वापरणारा विद्यार्थी एक कळ दाबून शीर्षकांवरून उड्या मारत हव्या त्या जागी पोहोचतो. मोबाइलवर हेच काम टॉकबॅक करते. प्रत्येक छापील पानाच्या आरंभी 'पान ४२' अशी नोंद ठेवावी. वर्गात बाई "पान बेचाळीस काढा" म्हणतात, तेव्हा इतरांबरोबर या मुलालाही ते काढता आले पाहिजे. विद्यार्थी डेझी प्लेअर (वाचनसुलभ पुस्तके ऐकवणारे यंत्र) किंवा वाचन-ॲप वापरत असेल, तर डेझी कन्सॉर्शियमचे 'वर्डटूईपब' हे मोफत साधन वर्डच्या फाइलचे ईपब, म्हणजे ई-पुस्तक, करून देते, मात्र शीर्षकांच्या शैली आधी नीट दिलेल्या असाव्या लागतात.

चित्रांचे वर्णन लिहिणे हे कौशल्याचे काम आहे. 'पावसाचा आलेख' एवढेच लिहिले तर विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही. 'कोल्हापूर जिल्ह्यातील तालुक्यांच्या वार्षिक पावसाचा स्तंभालेख. गगनबावड्याचा स्तंभ सर्वांत उंच, पूर्वेकडे शिरोळपर्यंत स्तंभ ठेंगणे होत जातात' असे लिहून त्याखाली आकडे साध्या तक्त्यात द्यावेत. चित्र प्रश्नपत्रिकेत असेल, तर मात्र आकडे द्यावेत आणि 'सर्वांत उंच' हे शब्द गाळावेत, नाहीतर वर्णनच उत्तर सांगून टाकते. केवळ सजावटीसाठी असलेल्या फुलापानांच्या चित्रांचे वर्णन करत बसू नये.

नकाशा शब्दांत सांगून पुरत नाही, तो बोटांना कळावा लागतो. तिसरीच्या परिसर अभ्यासात जिल्ह्याचा नकाशा येतो. पंचगंगेसाठी मी वापरते ती रीत अशी: जाड पुठ्ठ्यावर जिल्ह्याची सीमा शिंप्याच्या दातेरी चाकाने उलट्या बाजूने दाबून उठवायची. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्यासाठी बारीक सुतळी फेव्हिकॉलने चिकटवायची, आणि प्रयाग चिखलीपासून पुढे पंचगंगेसाठी दुप्पट जाडीची. कोल्हापूरच्या जागी शर्टचे बटण, नृसिंहवाडीला कृष्णेशी संगम होतो तिथे दुसरे, वेगळ्या आकाराचे बटण. पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते, तिच्यासाठी दोरा लावायचा नाही, हे मुलांना स्वतःच्या बोटांनी पडताळताना फार आवडते. एका नकाशात एकच गोष्ट दाखवावी. नद्या, रस्ते आणि तालुक्यांच्या सीमा एकत्र उठवल्या की बोटांखाली नुसता गुंता होतो.

मोठ्या अक्षरांची प्रत किमान १८ पॉइंटमध्ये, मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांसारख्या स्वच्छ फॉन्टमध्ये, चकाकी नसलेल्या कागदावर छापावी. ए-फोर पान झेरॉक्सवर मोठे करून ए-थ्री काढू नये, कारण ते बाकावर मावत नाही आणि अक्षरांच्या कडाही पुसट होतात. डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्यासाठी ओळींमध्ये दीडपट अंतर ठेवावे, उजवी कड सरळ करण्याचा आग्रह सोडावा आणि शक्यतो ऐकता ऐकता तोच शब्द पडद्यावर उजळणारे ॲप द्यावे.

ब्रेलसाठी मराठी मजकूर भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांसाठीच्या ब्रेल लिपीत) रूपांतरित करणारी मोफत साधने आहेत, परंतु छापण्यापूर्वी ब्रेल जाणणाऱ्या व्यक्तीने किमान पहिली दहा पाने बोटांनी वाचलीच पाहिजेत. भारती ब्रेलमध्ये 'कि' लिहिताना वेलांटी उच्चाराप्रमाणे 'क'च्या नंतर येते, 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना स्वतंत्र चिन्हे आहेत, आणि जोडाक्षरांत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर अधूनमधून चुकते. एका छापील पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पाने होतात. गारगोटीहून एसटीने येणाऱ्या मुलाने पूर्ण इतिहासाचे पुस्तक दप्तरात आणावे ही अपेक्षा चुकीची आहे, म्हणून प्रत्येक धड्याची वेगळी पातळ बांधणी करावी. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कागद मऊ पडतो आणि एकावर एक रचलेल्या खंडांचे ठिपके बसतात. खंड उभेच ठेवावेत.

ध्वनिमुद्रण करणाऱ्याने पाठाचे नाव आणि पान क्रमांक आधी उच्चारावा, प्रत्येक पाठाची वेगळी फाइल करावी आणि नाट्यमय वाचनाचा मोह टाळावा. गणितात विशेष दक्षता हवी. 'अ अधिक ब भागिले क' ऐकून भागाकार फक्त 'ब'ला आहे की बेरजेला, हे कळत नाही. 'कंस सुरू, अ अधिक ब, कंस पूर्ण, भागिले क' असेच वाचावे. टाइप करताना समीकरण चित्र म्हणून न चिकटवता वर्डच्या समीकरण साधनाने लिहावे.

स्वामित्वहक्काची भीती अनेक ग्रंथपालांना वाटते. प्रताधिकार कायदा, १९५७ मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम ५२(१)(झेडबी)नुसार अपंग व्यक्तींच्या खासगी, शैक्षणिक किंवा संशोधनाच्या उपयोगासाठी पुस्तक वाचनसुलभ रूपात आणता येते, आणि त्यासाठी प्रकाशकाची परवानगी लागत नाही. याच विषयावरचा माराकेश करार मान्य करणारा भारत हा जगातील पहिला देश आहे, आणि ते वर्ष होते २०१४. अट एवढीच की ती प्रत इतरांच्या हाती जाऊ नये आणि तिच्यावर नफा मिळवू नये. म्हणून फाइल वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर न टाकता थेट विद्यार्थ्याला द्यावी.

त्याच ग्रुपवर फळ्याचे नुसते फोटो टाकण्याची सवय मात्र लगेच सोडावी लागेल, कारण वर्षभर पुस्तक वेळेवर मिळूनही रोजच्या गृहपाठात हाच विद्यार्थी मागे पडतो. फोटोखाली तोच मजकूर चार ओळींत टाइप करावा, किंवा बोलून पाठवावा. प्रश्नपत्रिकेची फाइलही आधीच युनिकोडमध्ये तयार ठेवावी. लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटांचा वाढीव वेळ, ही केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतील तरतूद आहे. दहावी-बारावीच्या सवलतींचे अर्ज शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे लवकर पोहोचतील असे पाहावे.

वेळापत्रक उलट्या बाजूने मांडावे. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते असे धरले, तर एप्रिल अखेरीस पुस्तकांची यादी हाती हवी, मे महिन्यात स्कॅनिंग आणि मुद्रितशोधन व्हावे, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाचे पहिले दोन पाठ पूर्ण तपासून विद्यार्थ्याकडे द्यावेत. पूर्ण पुस्तक एकदम देण्याच्या हट्टात पहिला पाठ अडकवून ठेवू नये. उरलेले पाठ वर्गाच्या दोन आठवडे पुढे राहून देत गेले तरी पुरते.