ब्राझीलहून अमेरिकेला: तिकीट शेवटी काढा, बॅगेचा हिशेब आधी करा

साओ पावलोहून मायामी म्हणजे साधारण साडेआठ तासांचं उड्डाण. बहुतेक विमानं रात्री निघतात आणि पहाटे पोहोचतात. विमानात बसल्यावर चुकण्यासारखं फारसं काही उरत नाही. घोळ होतात ते जमिनीवर: व्हिसाच्या अर्जात, दोन विमानतळांच्या मधल्या रस्त्यावर आणि परतल्यावर कस्टम्सच्या दाराशी.

ब्राझिली पासपोर्टला अमेरिकेत व्हिसामाफी नाही. मायामीत फक्त विमान बदलून पुढे टोकियोला जायचं असलं, तरी व्हिसा लागतोच. हे माहीत नसल्यामुळे स्वस्तातलं तिकीट वाया घालवणारे दर हंगामात निघतात. फिरायला जाणाऱ्याला बी-१/बी-२ व्हिसा काढावा लागतो. डीएस-१६० हा अर्ज ऑनलाइन भरायचा आणि १८५ डॉलर फी भरायची. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. पुढे दोन फेऱ्या असतात. बोटांचे ठसे आणि फोटो ‘कास्व’ नावाच्या केंद्रात द्यायचे, आणि मुलाखतीला ब्राझिलियातल्या दूतावासात किंवा साओ पावलो, रिओ, रेसीफे, पोर्तु आलेग्री इथल्या वकिलातींपैकी एकीत जायचं. मिळालेला व्हिसा सहसा १० वर्षं चालतो. म्हणून मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागला तरी धीर धरावा, आणि व्हिसा हातात पडेपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढूच नये.

अर्जात सगळ्यांत जास्त घोळ नावाचा होतो. ब्राझिली माणसाला दोन-तीन आडनावं असतात, आणि फिल्यो (मुलगा), नेटो (नातू), जुनियोर (धाकटा) हे शब्द आडनावाचाच भाग असतात. पासपोर्टावर आडनावाच्या रकान्यात जे छापलं आहे ते जसंच्या तसं अर्जातही आणि तिकिटावरही उतरवायचं. तिकिटावर एकच आडनाव आणि पासपोर्टावर तीन, असं झालं तर काउंटरवर वाद होतो आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे जातात. तारखेचंही तसंच. ब्राझीलमध्ये आधी दिवस लिहितात, अमेरिकेत आधी महिना. ०५/०८ ही तारीख इथे ५ ऑगस्ट असते आणि तिथे ८ मे. गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावं अर्जात विचारतात. ती वगळू नका.

मुलाखत दोन-चार मिनिटांचीच असते. अमेरिकेचा कायदा प्रत्येक अर्जदाराला तिथे कायमचं राहायला येणारा समजूनच सुरुवात करतो. नोकरी, शिक्षण, घर, कुटुंब यांतलं काय तुम्हाला ब्राझीलला परत आणेल, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. कागदांचा गठ्ठा बहुधा कोणी उघडतही नाही.

लहान मूल एकाच पालकासोबत किंवा आजी-आजोबांसोबत निघत असेल, तर न येणाऱ्या पालकांची परवानगी सही प्रमाणित करून घेतलेली हवी. प्रत्येक मुलासाठी वेगळी, दोन मूळ प्रतींत. ही तपासणी ब्राझीलमधून बाहेर पडताना फेडरल पोलीस करतात, आणि कागद नसला तर विमान समोर उभं असतानाही सोडत नाहीत. त्या वेळी नोटरीचं कार्यालय बंद असतं हे सांगायला नकोच.

आता तिकीट. साओ पावलोच्या नावाखाली तीन विमानतळ विकले जातात. ग्वारुल्योस हा आंतरराष्ट्रीय विमानांचा मुख्य. कोंगोन्यास शहराच्या आत आहे, तिथे देशांतर्गत उड्डाणं असतात. विराकोपुस कांपिनासमध्ये आहे, शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर. आझुल कंपनीची फोर्ट लॉडरडेल आणि ऑर्लँडोची विमानं तिथून सुटतात. तिकीट शोधणाऱ्या साइट कधीकधी एका विमानतळावर उतरवून दुसऱ्यावरून चढवतात. कोंगोन्यासहून ग्वारुल्योसला जायला गर्दीच्या वेळी तासाहून बराच जास्त वेळ लागतो, त्यामुळे मध्ये किमान पाच तास ठेवा. रिओतही गालेआंव आणि सांतोस दुमों यांची गल्लत होते. अमेरिकेची विमानं गालेआंवहून असतात. पलीकडे मायामी आणि फोर्ट लॉडरडेल हे विमानतळ एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर असल्याने यातल्या कुठेही उतरलात तरी चालतं. स्वस्त ते घ्या.

जुलै आणि डिसेंबर-जानेवारी या ब्राझिली शाळांच्या सुट्या. त्या काळात ऑर्लँडोच्या विमानांत एकसारखे टी-शर्ट घातलेल्या मुलामुलींचे गटच्या गट असतात, कारण पंधराव्या वाढदिवसाला मेजवानीऐवजी डिस्नेची सहल मागण्याची पद्धत तिथे रुजली आहे. तारखा हातात असतील तर मे किंवा सप्टेंबर बरा. ब्राझीलच्या विमान वाहतूक प्राधिकरणाच्या नियमानुसार, उड्डाणाला सात किंवा जास्त दिवस असताना काढलेलं तिकीट २४ तासांच्या आत पूर्ण पैशांसह रद्द करता येतं. नाव किंवा तारीख चुकली असेल तर याच २४ तासांत सापडली पाहिजे.

वेळेच्या फरकात जुन्या माहितीवर विसंबू नका. ब्राझीलने २०१९मध्ये उन्हाळी वेळ बंद केली, अमेरिकेने नाही. म्हणून साओ पावलो मायामीच्या पुढे हिवाळ्यात दोन तास असतं, तर मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत एकच तास.

पुढे दुसरं विमान असलं तरी अमेरिकेत ज्या विमानतळावर आधी उतराल तिथेच इमिग्रेशन, आणि बॅगही तिथेच पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यायची. जोडविमानाला तीन तास ठेवा. दोन तासांचं जोडतिकीट कंपनी विकते खरी, पण रांग कंपनीच्या हातात नसते. घरचा खाऊ नेताना भाजलेली कॉफी, पासोका (शेंगदाण्याची मिठाई), डब्यातली ग्वायाबाडा (पेरूची घट्ट वडी) सहसा अडत नाही. लिंग्विसा (मांसाचं सॉसेज), बेकन घातलेली फारोफा (कसाव्याचं भाजलेलं पीठ) आणि ताजी फळं मात्र नेऊच नका. खाण्याची वस्तू जाहीर केली तर फार तर टाकून देतात. लपवली आणि सापडली तर ३०० डॉलरपासून दंड होतो.

पोर्तुगीजवर भागवायचं असेल तर ऑर्लँडोचा इंटरनॅशनल ड्राइव्ह, पोम्पानो बीच, नेवार्कचा आयर्नबाउंड भाग आणि बोस्टनजवळचं फ्रेमिंगहॅम इथे फारशी अडचण येत नाही. फ्रेमिंगहॅममधली अनेक कुटुंबं मिनास जेराइसमधल्या गोवेर्नादोर वालादारेसची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी अभियंते तिथे अभ्रकासाठी आले आणि ओळखीची वाट तेव्हापासून पडली. उलट्या दिशेची खूण साओ पावलो राज्यात आहे: अमेरिकी यादवी युद्धानंतर दक्षिणेतून आलेल्यांचे वंशज सांता बार्बरा द’ओएस्ती आणि अमेरिकाना या गावांत आजही आहेत. त्यांचे अमेरिकी पाहुणे आले, तर १० एप्रिल २०२५पासून त्यांनाही ब्राझीलचा ई-व्हिसा लागतो, फी ८०.९० डॉलर. अमेरिकेत वाढलेलं मूल ब्राझिली नागरिक असेल तर त्याला मात्र ब्राझिली पासपोर्टच दाखवावा लागतो.

खरेदीचा हिशेब निघण्याआधीच मांडावा. फ्लोरिडात किमतीच्या चिठ्ठीवर विक्रीकर धरलेला नसतो. मायामी-डेड भागात तो ७ टक्के आहे आणि पर्यटकाला परत मिळत नाही. ब्राझिली कार्डाने दिलेल्या पैशांवर ३.५ टक्के आयओएफ हा ब्राझीलचा आर्थिक व्यवहारांवरचा कर वेगळा. हॉटेल-रेस्तराँच्या बिलात सेवाशुल्क आधीच लावलं आहे का ते पाहा, नाहीतर १८-२० टक्के टिप दोनदा जाते.

परतताना विमानाने येणाऱ्या प्रत्येकाला १,००० डॉलरपर्यंतचं सामान करमुक्त. ग्वारुल्योसला उतरल्यावर ड्यूटी फ्रीमध्ये आणखी १,००० डॉलरची मुभा आहे, ती वेगळी. नवरा-बायकोची मुभा एकत्र करून दोन हजारांचा एकच लॅपटॉप आणता येत नाही. जादा रकमेवर ५० टक्के कर बसतो. १,६०० डॉलरचं सामान असेल तर ६०० वर ३०० भरायचे. न सांगता ‘काही जाहीर करायचं नाही’ या वाटेने निघालात आणि पकडलं, तर दंडाचे आणखी ३००. ई-डीबीव्ही हा सामान जाहीर करायचा फॉर्म फोनवरून आधीच भरता येतो. पावत्या जवळ ठेवा. पावती नसली तर किंमत अधिकारी ठरवतो. वापरात असलेला एक फोन, एक घड्याळ, एक कॅमेरा मोजत नाहीत. लॅपटॉप मोजतात, म्हणून ब्राझीलहून नेलेल्या लॅपटॉपची तिथली खरेदी-पावती सोबत असू द्या. मद्य १२ लिटरपर्यंतच.

विजेचं उपकरण घेताना व्होल्टेज वाचा. अमेरिकेत १२० व्होल्ट असतो. साओ पावलो आणि रिओत घरगुती पुरवठा १२७चा असल्याने चालून जातं. ब्राझिलिया, रेसीफे, फ्लोरियानोपोलिस इथे २२० आहे, तिथे अमेरिकी मिक्सर पहिल्याच वेळी जळतो. चार्जरवर १००-२४० लिहिलं असेल तर फक्त प्लगचा अडॅप्टर पुरतो.

बॅग आलीच नाही तर सामानाच्या हॉलमधून बाहेर पडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात शोधायला कंपनीला २१ दिवस मिळतात. फुटलेल्या बॅगेची तक्रार सात दिवसांत करावी लागते, आणि तेव्हा बॅगेच्या चिठ्ठीचा नंबर मागतात. ती चिठ्ठी विमानातून उतरताना फाडून टाकू नका.