ज्यांची एकही रेकॉर्ड नाही, त्यांचं गाणं कसं ऐकावं

आमच्या शॉपवर गेल्या वर्षी कागलचा एक पोरगा लागला. दुपारच्या सुट्टीत डबा खाताना मी मोबाईलवर शास्त्रीय गवई मल्लिकार्जुन मन्सूर लावतो. आठ-दहा दिवस त्यानं गुपचूप ऐकलं आणि एक दिवस विचारलं, "मामा, हे ऐकायचं कसं असतंय? आवडतंय, पण कळत न्हाई."

त्याला थोडं थोडं करून जे सांगितलं, ते इथं एका जागी लिहितोय. मी गाणारा नाही आणि शिकवणारा तर नाहीच. उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवतोय आणि साधारण तेवढीच वर्षं देवल क्लबात जाऊन सतरंजीवर नाहीतर खुर्चीवर बसतोय.

कोल्हापुरात राहून गाणं ऐकायचं म्हटलं की सुरुवात अल्लादिया खाँसाहेबांपासून करावी. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी गवई म्हणून इथं ठेवलं. १९२२ साली महाराज गेले, त्यानंतर खाँसाहेब मुंबईला गेले आणि १९४६ साली तिथंच वारले. जयपूर-अत्रौली घराणं ज्याला म्हणतात, ती गायकी त्यांनी घडवली. तरुणपणी गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला होता. पुष्कळ दिवसांनी तो परत आला, पण पहिल्यासारखा आला नाही. मग त्या आवाजाला पेलेल अशी गाण्याची नवी रीत त्यांनी बांधली. आज आपण ऐकतो ती हीच. पण एवढ्या माणसाची विकत मिळेल अशी एकही रेकॉर्ड नाही. त्यांनी ती कधी दिलीच नाही.

म्हणजे त्यांचं गाणं ऐकायचं तर ते शिष्यांच्या गळ्यातून आणि आज जी माणसं समोर बसून गातात त्यांच्याकडून. माझं सगळं सांगणं या दोन गोष्टी एकमेकींना लावून बघण्याबद्दल आहे. नुसत्या रेकॉर्डी ऐकल्या तर गाणं तीन मिनिटांचं वाटायला लागतं. नुसत्या मैफली ऐकल्या तर आज कानावर पडतंय ते कुठून आलं, हे समजत नाही.

आधी मैफलीचं.

गायन समाज देवल क्लब ही १८८३ सालची संस्था. तिथल्या गोविंदराव टेंबे रंगमंदिरात कार्यक्रम होतात. टेंबे म्हणजे आपल्या सांगवड्याचे, पेटीवाले आणि खाँसाहेबांचे शिष्य. कार्यक्रमाची खबर पेपरातल्या 'आजचे कार्यक्रम'मध्ये येते, फलकावर लागते. पण खरी खबर माणसांकडून मिळते. दोन-तीन कार्यक्रमांना जाऊन मागं सतरंज्या उचलायला हात लावा, मग घरगुती बैठकीलाही बोलावणं येतं. माझ्या मामांनी मला असंच नेलं. ते कार्यक्रमाला खुर्च्या मांडायला जायचे आणि मी त्यांच्या मागं मागं.

गायक-नट केशवराव भोसले यांच्या नावाच्या नाट्यगृहाबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं आणि दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. सकाळी कामावर जाताना गाडी आपोआप खासबागेकडं वळली. जळक्या लाकडाचा वास होता, बायामाणसं रस्त्यात उभी राहून रडत होती. मीही रडलो. त्या लाकडी रंगमंचावरून येणारा तंबोऱ्याचा आवाज मला अजून आठवतो.

मैफलीला अर्धा तास आधी जा. हे मी कितीतरी जणांना सांगितलं, फार थोडे ऐकतात. त्या अर्ध्या तासात तंबोरा लागत असतो. तंबोऱ्याच्या घोडीवर प्रत्येक तारेखाली सुती दोऱ्याचा बारीक तुकडा असतो. लावणारा तो दोरा नखानं केसभर पुढं सरकवतो, तार छेडतो, पुन्हा केसभर मागं घेतो. दोरा चुकीच्या जागी असला तर तार मुकी वाजते. जागेवर आला की एकदम आवाज उघडतो आणि तारेतून आणखी स्वर निघायला लागतात. यालाच जवारी खुलणं म्हणतात. लेथवर टूल सेंटरला आलं की कटचा आवाज बदलतो, ज्यानं ऐकलाय त्याला मी काय म्हणतो ते लगेच समजेल. हे एकदा कानानं पकडलं की पुढचे दोन तास सूर कुठं टेकतोय हे आपोआप कळायला लागतं.

बसायची जागा: गवई आणि तबलजी दोघांचे चेहरे दिसतील अशी, चौथ्या-पाचव्या ओळीत. स्पीकरच्या तोंडासमोर कधीच नाही. पहिली ओळ जाणकारांची आणि पाहुण्यांची, तिचा मोह नको.

आता त्या पोराला मी पहिल्या दिवशी दिलेली एकच गोष्ट. तीनताल सोळा मात्रांचा. उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवायचा. तीन पेरं आणि एक टोक, चार मात्रा झाल्या. मग अनामिकेवर चार, मधल्या बोटावर चार, तर्जनीवर चार. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, इथवर तबल्याचा डग्गा भरून वाजतो. मधल्या बोटावर आलात की 'धा तिं तिं ता', डग्गा हलका होतो. ही खाली, नववी मात्रा. तर्जनी संपून अंगठा परत करंगळीवर आला की सम, म्हणजे पहिली मात्रा. जयपूर गायकीत विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल बहुतेक तीनतालातच असतो, त्यामुळं एवढ्या एका गणतीवर तुमचं पुष्कळ काम भागतं. ठेका संथ असल्यानं पहिल्यांदा हमखास चुकतं. चुकलं तर पुढच्या समेला पुन्हा करंगळीवर यायचं.

पहिल्या चार-पाच मैफलींना एवढंच करायचं. रागाचं नाव नाही कळलं तरी चालेल. फक्त बंदिशीचा, म्हणजे बांधलेल्या रचनेचा, मुखडा (सुरुवातीची ओळ) लक्षात ठेवायचा आणि गवई फिरून फिरून त्या मुखड्यावर कसा येतो, समेला कसा टेकतो, ते बघायचं. या गायकीत तान, म्हणजे भराभर घेतलेली स्वरांची लड, सरळ रेषेत जात नाही. ती वळत, गुंतत जाते. आता हा समेला पोहोचत नाही असं वाटतं आणि नेमका तो तिथं असतो. त्या क्षणी तोंडातून 'वाह' आपोआप निघतो. निघाला तर दाबू नका. पण शेजारच्यानं मान डोलवली म्हणून तुम्ही डोलवू नका. मोबाईल खिशात ठेवा. रेकॉर्ड करणारा माणूस ऐकत नाही, हे मी इतक्या वेळा बघितलंय.

कार्यक्रम संपला की खासबागेत भेळ खाताना वहीत लिहायचं: तारीख, कोण गायलं, राग, बंदिशीचे पहिले दोन शब्द. राग कळला नसेल तर शेजारच्या काकांना विचारा, कोल्हापुरात सांगायला माणसं आनंदानं तयार असतात. या घराण्यात अनवट (क्वचित गायल्या जाणाऱ्या) आणि दोन राग जोडून केलेल्या जोडरागांचा भरणा, त्यामुळं नावं वेगळीच असतात: बसंती केदार, नट कामोद, ललिता गौरी, संपूर्ण मालकंस. नेहमीच्या मालकंसात रिषभ (रे) आणि पंचम (प) वर्ज्य, संपूर्ण मालकंसात ते दोन्ही येतात. एवढी एक गोष्ट माहीत असली तरी ऐकताना कान टवकारतात.

आणि मग दोन दिवसांच्या आत त्याच रागाची किंवा त्याच गायकीची जुनी रेकॉर्ड ऐकायची. दोन दिवसांच्या आत, कारण त्यानंतर मैफलीतले स्वर डोक्यातून पुसट व्हायला लागतात.

रेकॉर्डीचं सांगताना मला हात आवरता येत नाही, कारण इथं माझा धंदा कामाला येतो. अठ्ठ्याहत्तरची, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी जुनी तबकडी एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं वाजते. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांनी त्या साडेतीन मिनिटांत गायलेली भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेर पाठवली गेली. कोल्हापूरच्या दरबारी गवयाकडून आलेली तालीम आज ताऱ्यांच्या दिशेनं चालली आहे, आणि दर वेळी ही गोष्ट सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. पण ऐकताना लक्षात ठेवा, ही मैफल नाही. मैफलीत अर्ध्या-पाऊण तासात उलगडणारा राग तीन मिनिटांत घडी घालून ठेवलाय. मैफल ऐकून आलेल्या कानाला ती घडी उलगडता येते. केसरबाईंचे नट कामोद आणि ललिता गौरी असे ऐका. त्यांच्याच दुसऱ्या शिष्या मोगूबाई कुर्डीकरांच्या रेकॉर्डी थोड्या आहेत, मिळतील तिथं ऐका. मन्सूर मात्र भरपूर आहेत आणि लांब आहेत, म्हणून नव्या माणसाला मी बसंती केदारपासून मन्सूरच देतो. ते आधी मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेर गायकी शिकले, मग खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ यांच्याकडे. १९३७ साली मंजी खाँ गेले, तेव्हा धाकटे भुर्जी खाँ यांनी त्यांना तालीम दिली. आपल्या कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी याच भुर्जी खाँसाहेबांकडे शिकल्या आणि पुढं केसरबाईंकडेही. त्यांच्यात दोन्ही वाटा एकत्र ऐकू येतात.

तबकडी विकत घ्यायची असेल तर जुन्या बाजारात, भंगारवाल्याकडे, जुनं घर रिकामं होतं तिथं बघा. आधी उन्हात तिरकी धरा, चरे दिसतात. मग मधल्या भोकात बोट घालून ती हवेत लटकती धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं कडेला हलकेच टिचकी मारा. फौंड्रीत कास्टिंगला तडा आहे का बघायला आपण ठोकून बघतो, तीच रीत. चांगली तबकडी स्वच्छ वाजते, तडकलेली बसक्या, फुटक्या आवाजात बोलते. कडेचा टवका गेला असेल आणि तो खाचा सुरू होण्याआधी संपत असेल तर खुशाल घ्या.

धुताना मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. आमच्याकडं सगळं स्पिरिटनं पुसायची सवय. पहिली तबकडी घरी आणली आणि तशीच पुसली. फडक्याला काळं लागलं, तेव्हा मला वाटलं घाण निघतेय. या तबकड्या लाखेच्या असतात, निघत होती ती लाख. सुतार लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतात, हे मला माहीत होतं, आणि तरी हातून झालं. लेबलवर नाव वाचता येतं, गाणं मात्र गेलं ते गेलंच. ती मी अजून टाकलेली नाही. तेव्हा कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, खाचांच्या दिशेनं हात, लेबल कोरडं. सावलीत वाळवा, उन्हात वाकडी होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात जुन्या कागदी पाकिटांना बुरशी येते, म्हणून पाकीट नवं करा आणि तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक नको.

एलपीची सुई अठ्ठ्याहत्तरला लावू नका. तिचं टोक वीसेक मायक्रॉनचं, आणि अठ्ठ्याहत्तरच्या खाचेला पंचाहत्तरच्या आसपासचं लागतं. बारीक टोक खाचेच्या तळाशी घासत राहतं. चावीचा ग्रामोफोन असेल तर लोखंडी सुई प्रत्येक बाजूला नवी, यात काटकसर नको.

आणि वेग तपासा. लेबलच्या कडेला कागदाची चिठ्ठी लावा, घड्याळ समोर ठेवा, वीस सेकंदांत सव्वीस फेरे झाले तर बरोबर अठ्ठ्याहत्तर. मिनिटाला साडेब्याऐंशी झाले तर पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पुढच्या पट्टीत, वाजतं आणि बाईंचा आवाज चिरका होतो. यूट्यूबवर चढवलेल्या पुष्कळ जुन्या रेकॉर्डी अशा चढ्या किंवा उतरत्या आहेत. काहींमध्ये खरखर काढता काढता आवाजाची धारही काढून टाकलेली असते. एकाच रेकॉर्डीच्या दोन-तीन प्रती ऐका आणि खरखर असलेली निवडा. दहा मिनिटांत कान खरखर बाजूला ठेवतो.

एवढं सहा महिने केलं की मिरजेला जा. ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सभा भरते. ते किराणा घराण्याचे, म्हणजे स्वर लांबवून, थांबून गाणारे. जयपूर ऐकून तयार झालेल्या कानाला तिथं पहिल्यांदा फरक स्पष्ट लागतो. त्यांच्या रेकॉर्डी आहेत, निघायच्या आदल्या रात्री एक ऐकून ठेवा. जाताना रेल्वेनं जा, अंगावर घ्यायला शाल आणि वही न्या. तंबोरे तिथलेच असतात, मिरजेत बनलेले, तेव्हा तिथंही अर्धा तास आधी पोहोचा.