उन्हाळ्यात भाचरं सांभाळताना

सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांजवळ जातो. 2 वर्षांचा भाचा दिवसभर माझ्याकडे असला, की मी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघते: त्याची लघवी. 6 तासांत झालीच नाही किंवा गडद पिवळी झाली, तर अंगात पाणी कमी पडतंय. खेळात रमलेलं पोर तहान लागल्याचं सांगत नाही, म्हणून दर अर्ध्या तासाला माठातल्या पाण्याचे दोन-चार घोट, मधे पातळ ताक. (6 महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र पाणी नको, आईचं दूधच वरचेवर द्यावं.) दुपारी पत्र्याच्या खोलीत झोपवू नका. अंग तापून पोर सुस्तावलं किंवा उलट्या करू लागलं, तर ओल्या फडक्याने पुसत लगेच दवाखाना गाठा.