अँबॅसेडरचं टायमिंग लावताना या चुका टाळा

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना, ऐन मे महिन्यात, माझ्या जुन्या पेट्रोल अँबॅसेडरचं पाणी उकळलं. चढावर इंजिन खडखडतं म्हणून आदल्या दिवशी मीच टायमिंग, म्हणजे प्लगवर ठिणगी पडण्याची वेळ, मागे घेतलं होतं. खडखड थांबली, पण ठिणगी उशिरा पडू लागली की जळण लांबतं, ताकद घटते आणि ती उष्णता एक्झॉस्टला आणि पाण्याला जाते. आपल्याकडच्या ४५ अंशांत रेडिएटर ती कुठवर झेलणार?

खरा दोष पॉइंटमध्ये, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आत उघडमीट होणाऱ्या संपर्कांत होता. बहुतेक जण इथेच चुकतात: गाडीची उचल गेली की थेट डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करतात. पॉइंटची टाच डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या कॅमवर घासून झिजते, दोन पॉइंटमधला गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप मागे सरकतं. गॅप वाढवला तर ते पुढे जातं. म्हणून आधी गॅप, मगच टायमिंग. या इंजिनावरच्या लुकास डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिमी गॅप लागतो. पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ असेल तर फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) खोटं माप दाखवतं. असे पॉइंट बदलूनच टाका. कॅमला ग्रीस ज्वारीच्या दाण्याएवढंच लावा, जास्तीचं उडून पॉइंटवर बसतं.

दुसरी चूक एक नंबरच्या सिलिंडरची. १ आणि ४ चे पिस्टन एकदमच वर येतात, त्यामुळे पुलीची खाच जुळली एवढ्यावर विसंबू नका. १ चा प्लग काढून भोकावर बोट ठेवा. हवा बोटाला ढकलत असतानाच खाच जुळली पाहिजे. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना ठिणगी मिळण्याचा क्रम, १-३-४-२.

इंजिन नेहमीच्या दिशेनंच फिरवा. खाच पुढे गेली तर बरंच मागे नेऊन पुन्हा पुढे आणा, नाहीतर टायमिंग चेनचा ढिलेपणा मापात शिरतो. खाच मॅन्युअलमधल्या अंशावर आली की १२ व्होल्टच्या बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरीच्या टर्मिनलला आणि दुसरी बॉडीला लावा. इग्निशन चालू करा. डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा, म्हणजे बल्ब विझेल. मग सुलट दिशेनं अगदी सावकाश फिरवत या आणि बल्ब पेटला की तिथेच कसा. लगेच इग्निशन बंद करा. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉईल तापते.

टायमिंग फार पुढे असेल तर गाडी हातानं चालू करायचं हँडल उलटं झटका देतं. आमच्याकडचे एक म्हातारे मिस्त्री दरवेळी बजावायचे, "अंगठा बोटायच्याच बाजूले ठेव बाप्पा, नाही तं हात जाईन." हँडल खालून वर ओढायचं, दाबायचं नाही. हे खरंच पाळा.

चालू इंजिनावर खाच पाहायचा लुकलुकता दिवा, म्हणजे स्ट्रोब लाईट, वापरत असाल तर डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम युनिटची नळी काढून तिचं तोंड बंद करा. खूण एका जागी न राहता नाचत असेल तर बहुधा डिस्ट्रिब्युटरचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) झिजलाय, तिथे कितीही फिरवून उपयोग नाही.

शेवटची परीक्षा रस्त्यावर. टॉप गिअरमध्ये साधारण ४० च्या वेगाला चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. क्षणभर किणकिण होऊन थांबली तर ठीक. चालूच राहिली तर व्हॅक्यूम युनिटजवळचा खाचांचा नट R (रिटार्ड, म्हणजे टायमिंग मागे) कडे थोडासाच फिरवा. आणि ही परीक्षा इंजिन चांगलं तापल्यावर घ्या, थंड इंजिनात ती खडखड बहुतेकदा ऐकूच येत नाही.