गेमवरून बेतलेली ऐतिहासिक कादंबरी कशी वाचावी

युबिसॉफ्टच्या 'असॅसिन्स क्रीड' या गेममालिकेवर ऑलिव्हर बोडेन या टोपणनावाने लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्या हाती घेतल्या की पहिला प्रश्न क्रमाचा पडतो. पहिला गेम २००७ सालचा. पहिली कादंबरी 'रेनेसाँ' मात्र २००९ साली दुसऱ्या गेमवरून निघाली, आणि पहिल्या गेममधील नायक अल्ताईरची, तिसऱ्या क्रूसेडच्या (ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या) काळातील कथा 'द सीक्रेट क्रूसेड' या नावाने २०११ साली मागाहून आली. तरीही काळक्रमाचा हट्ट धरून तिच्यापासून सुरुवात करू नये. 'रेनेसाँ' आणि 'ब्रदरहुड' वाचून झाल्यावर ती घ्यावी, कारण लगेच पुढच्या 'रेव्हलेशन्स'मध्ये 'रेनेसाँ'चा नायक एत्सिओ उतारवयात अल्ताईरच्याच ग्रंथालयाचा माग काढत निघतो.

गेममध्ये तासन्‌तास रंगणाऱ्या लढती कागदावर उतरल्या की एकसारख्या वाटू लागतात. त्या भरभर वाचल्याने फारसे काही निसटत नाही. लक्ष द्यावे ते कथा कोण सांगत आहे याकडे. 'फोरसेकन' ही हेदम केनवे या टेम्पलराची, म्हणजे मालिकेतील नायकांच्या 'असॅसिन्स' या मारेकरी संघाच्या शत्रूची, रोजनिशी आहे. गेममध्ये खेळाडू काही काळ त्याची भूमिका करून पुढे त्याच्या मुलाकडे वळतो, तर पुस्तक त्याच्या बालपणापासून त्याचा हात धरून चालते. एकच पुस्तक वाचण्याइतका वेळ असेल, तर माझी निवड हीच राहील.

इतिहास पडताळायचा असेल, तर प्रत्येक पुस्तकातील एकच प्रसंग निवडावा आणि प्रकरण आधी वाचून नंतर इतिहासाकडे वळावे, म्हणजे कथेची उत्सुकता मरत नाही. २६ एप्रिल १४७८ रोजी फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये पात्सी घराण्याच्या कटातील हल्लेखोरांनी सत्ताधारी मेदिची घराण्यातील जुलियानो द मेदिची याला ठार केले, हे 'रेनेसाँ'मध्येही येते आणि इतिहासातही. त्याचा भाऊ लोरेन्झो जखमी होऊनही वाचला, हेही खरेच. परंतु कादंबरीत त्याच्या मदतीला एत्सिओ धावतो, तर प्रत्यक्षात सोबत्यांनी त्याला आत नेऊन सॅक्रिस्टीचे (पूजासाहित्याच्या खोलीचे) दार लावून घेतले होते. येथे कल्पना इतिहासाच्या फटीत बसली आहे. रोबेर द साब्ले या टेम्पलर प्रमुखाच्या बाबतीत मात्र तारीखच सरकवलेली दिसते: त्याचा मृत्यू ११९३ सालचा, पण अल्ताईरच्या कथेत तो ११९१ सालीच मारला जातो.